'अंडरग्राउंड'ला अरबीत काय म्हणाल?

प्रूफवाली
मंडळी, अडकलेय, सोडवा. दुबईत एका लहानशा डिझाईन स्टुडिओत काम करते. अरबी मला दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं येतं, तेही चालत्या गाडीतून नाही. सध्या टेबलावर लहान मुलांसाठीची एक पुस्तिका आहे, लंडनच्या अंडरग्राउंडचा इतिहास, इंग्रजीतून अरबीत न्यायची. भाषांतर करणारा वेगळा आहे, मी फक्त मजकूर पानांत बसवते आणि चुका शोधते, पण चार दिवस झाले सगळं ऑफिस एकाच शब्दावर अडून बसलंय.

मशीनने दिलं 'तहत अल-अर्द', म्हणजे जमिनीखाली. बैरुतची सहकारी म्हणाली हे वाचून मला कबरस्तान आठवतं, गाडी नाही. कैरोचा म्हणतो 'मेत्रो अल-अन्फाक' लिहा, नफक म्हणजे बोगदा, अन्फाक त्याचं अनेकवचन, आमच्याकडे शाळेतलं पोरही हेच लिहितं. तपासायला एक सौदी गृहस्थ आहेत त्यांनी मेट्रो खोडून 'कितार' केलं. शेवटी साहेब म्हणाले एवढा काथ्याकूट कशाला, सरळ 'अंडरग्राउंड'च अरबी अक्षरांत लिहा, तर आता त्यातल्या 'ग'ला कुठलं अक्षर यावरून नवीन भांडण.

माझी शंका वेगळीच आहे. पहिलं पान १८६३ चं आहे. तेव्हा मेट्रो हा शब्द तरी होता का? नसेल तर त्या गाडीला मेट्रो म्हणणं म्हणजे पेशव्यांच्या हातात मोबाईल दिल्यासारखं नाही का होणार? गुरुवारी छपाईला जायचंय.

चहाबाज
साहेबांचं ऐका, पगार ते देतात.

उंटावरचा_शहाणा
आमच्या नावाला शोभेलसा धागा आला म्हणून जेवता जेवता लिहितोय.

प्रूफवाली, तुमच्या सौदी गृहस्थांच्या 'कितार'ला नावं ठेवू नका, फार देखणा शब्द आहे. कितार म्हणजे मुळात उंटांची माळ. एकाच्या मागे एक, दोरीने बांधलेले, पुढचा चालला की सगळे चालले. एकोणिसाव्या शतकात रूळ आले, इंजिनामागे डबे दिसले, आणि अरबी माणसाला नवीन शब्द शोधायची गरजच पडली नाही, हजार वर्षांचा शब्द उचलून डब्यांना लावला. स्टेशनला ते 'महत्ता' म्हणतात, त्याचा धातू ओझं खाली ठेवण्याचा, म्हणजे जिथे उंटावरचं सामान उतरवायचं ती जागा. प्रवासी तो 'राकिब', म्हणजे स्वार. आपल्या घोड्याची रिकीब त्याच धातूतली. हिंदीतली कतार, जिच्यात उभं राहून आपण तिकीट काढतो, तीही हाच कितार.

त्यांनी इंजिन पाहिलं आणि उंट आठवले, आपण पाहिलं आणि आग आठवली. ज्याची त्याची आठवण.

चहाबाज
मग कतार देश पण उंटांची माळ का?

उंटावरचा_शहाणा
@चहाबाज, नाही हो, त्याचा संबंध नाही. पण गंमत अशी की कैरोच्या बोलीत गाडीला कितारच्या ऐवजी 'कत्र' म्हणतात (आणि क गिळून टाकतात म्हणून ऐकू येतं 'अत्र'), आणि अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्याने ते लिहिलं की हुबेहूब कतार देशाचं नाव होतं. तेव्हा एखादा इजिप्शियन 'कतार चुकली' असं लिहितो तेव्हा त्याचं विमान चुकलेलं नसतं.

प्राजक्ता_न
हसून हसून पुरेवाट. वाचनखूण साठवली.

सिग्नलमन
आयुष्य रुळांवर गेलं तेव्हा इतिहासाच्या भागावर चार शब्द लिहितो, भाषेचं तुम्ही बघा.

लंडनची पहिली लाईन १० जानेवारी १८६३ ला लोकांसाठी उघडली, पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत, जेमतेम सहा किलोमीटर, सात स्टेशनं. डबे लाकडी, दिवे गॅसचे, आणि ओढायला वाफेचं इंजिन. हो, बोगद्यात वाफेचं इंजिन. वाफ बाहेर सोडण्याऐवजी पाण्याच्या टाक्यांत नेऊन थंड करायची अशी सोय होती, पण धूर तो धूरच, त्याला कुठे पाठवणार, लोक खोकत उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी परत खोकायला यायचे कारण वर रस्त्यावर घोडागाड्यांच्या गर्दीत त्याहून जास्त वेळ जायचा. पहिल्याच दिवशी तीस हजारांच्या वर माणसं बसली.

ज्याने यासाठी वर्षानुवर्षं डोकं फोडलं तो चार्ल्स पिअरसन, लंडन सिटीचा वकील. गरीब कामगार शहराबाहेर चांगल्या हवेत राहावा आणि स्वस्त गाडीने कामाला यावा ही त्याची कल्पना. उद्घाटनाच्या काही महिने आधी, १८६२ मध्ये, तो गेला. त्याच वर्षी फ्लीट नदीचा, म्हणजे तोवर गटार झालेल्या नदीचा, बांध फुटून खणलेल्या कामात पाणी शिरलं होतं. तरी सहा-सात महिन्यांत गाडी धावली.

आता प्रूफवालींच्या प्रश्नाकडे. १८६३ मध्ये त्या रेल्वेचं नाव 'अंडरग्राउंड' नव्हतंच! कंपनीचं नाव होतं मेट्रोपॉलिटन रेल्वे. वर्तमानपत्रं आणि लोक 'अंडरग्राउंड रेल्वे' म्हणायचे ते वर्णन म्हणून. वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून स्टेशनांवर 'अंडरग्राउंड' हे एकच नाव लावायला सुरुवात केली १९०८ मध्ये. 'ट्यूब' त्याच्याही आधीचं, १९०० ला एक खोल लाईन उघडली, दोन पेनी तिकीट, गोल नळीसारखा बोगदा, म्हणून 'टूपेनी ट्यूब'.

तेव्हा मेट्रोला मोबाईल म्हणू नका, मोबाईल असलाच तर अंडरग्राउंड आहे.

प्रूफवाली
थांबा थांबा. म्हणजे मेट्रो हा शब्द या मेट्रोपॉलिटनचाच तुकडा?

सिग्नलमन
तोच, फक्त पॅरिसमार्गे आलेला. पॅरिसने १९०० च्या जुलैत आपली लाईन उघडली, नाव तसंच ठेवलं, 'मेट्रोपॉलितँ' लोहमार्ग, आणि फ्रेंच माणसाला एवढं मोठं नाव घेत बसायला वेळ नसल्याने दोन अक्षरांत आटोपलं, मेत्रो. पॅरिसच्या जुन्या लोखंडी कमानींवर अजून पूर्ण शब्द लिहिलेला दिसतो. जगाने घेतला तो आखूड शब्द. लंडनने स्वतः मात्र तो कधी वापरला नाही, ज्याच्या घरी पिकलं तो उपाशी.

इस्तंबूली_पाव
१८७५ चा इस्तंबूलचा तुनेल विसरू नका. लंडननंतर जमिनीखालची दुसरी शहरी गाडी तीच. दोन स्टेशनं, दोराने ओढायची, चढ चढायला. तो नुसताच 'तुनेल', ना मेट्रो ना अंडरग्राउंड.

मोडीवाचक
सिग्नलमनकाकांनी मेट्रोपॉलिटनपर्यंत आणून सोडलं, पुढचं माझ्याकडून घ्या कारण माझ्या मते धाग्याचं खरं उत्तर इथे आहे.

मेट्रोपोलिस हा ग्रीक शब्द, मेतेर म्हणजे आई, पोलिस म्हणजे शहर. आईशहर. मूळ शहरातून लोक जाऊन दुसरीकडे वसाहती करायचे, त्यांच्या दृष्टीने मूळ शहर ते आईशहर. आता अरबीत बघा, मक्केचं कुराणातलं एक नाव आहे 'उम्म अल-कुरा', म्हणजे गावांची आई. कल्पना तीच, उसनी न घेता.

आणि याहून भारी. ग्रीक चर्चमध्ये अशा मोठ्या शहराच्या बिशपला मेट्रोपॉलिटन म्हणायचे, ते पद सिरियाक भाषेतून अरबीत कधीच आलेलं होतं, झिजून झिजून झालं 'मुत्रान'. आजही लेबनॉन-सिरियातल्या ख्रिश्चनांचे मुत्रान असतात. म्हणजे हा एकच शब्द अरबीत दोनदा आलाय, एकदा पाद्र्याच्या झग्यात आणि मग काही शतकांनी पॅरिसच्या गाडीत बसून, आणि दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.

प्रूफवाली, तुमच्या बैरुतच्या सहकारीला विचारा, तिला मुत्रान नक्की माहीत असणार.

प्राजक्ता_न
दंडवत.

चहाबाज
अन्फाक वरून आपला नफा आला असेल ना? भुयारात लपवलेला म्हणून?

मोडीवाचक
@चहाबाज, नफा वेगळ्या धातूतला आहे, शेवटचं व्यंजन क नाही. पण अगदीच हवेत बाण नाही मारलात. नफकचा चुलतभाऊ आहे 'नफका', खर्च, पोटगी, कोर्टात ऐकला असेल. दुसरा चुलतभाऊ 'मुनाफिक', ढोंगी, तोंडावर एक आणि पोटात एक. जुने अरबी कोशकार सांगतात की वाळवंटातला जरबोआ उंदीर बिळाला दोन तोंडं ठेवतो, एक उघडं आणि एक पातळ मातीने झाकलेलं, शत्रू आला की डोक्याने माती उडवून त्या दुसऱ्या तोंडातून पसार, त्या तोंडाला 'नाफिका' म्हणतात. मुनाफिक तसाच, एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर.

उंटावरचा_शहाणा
@मोडीवाचक उंदराची गोष्ट गोड आहे, पण आजचे अभ्यासक मुनाफिक हा शब्द इथिओपियाच्या जुन्या भाषेतून आला असं मानतात, तिथे त्या धातूचा अर्थ शंका घेणे, डळमळणे असा. कोशकारांनी उंदीर नंतर आणून बसवला असणार.

मोडीवाचक
मानतात, मान्य आहे. मी 'जुने कोशकार सांगतात' एवढंच लिहिलंय. उंदीर मी सोडणार नाही.

नाईलकाठी
उशिरा आले, पण कैरोत सहा वर्षं काढली आहेत त्यामुळे अन्फाकच्या बाजूने साक्ष द्यायचा हक्क माझा.

पहिली गोष्ट, पाटीवर आणि कागदावर 'मेत्रो अल-अन्फाक', बोलताना नुसतं 'इल-मेत्रो'. १९८७ मध्ये पहिली लाईन सुरू झाली, आफ्रिकेतली पहिली पूर्ण मेट्रो ती. पण ती काही शून्यातून खणलेली नाही. दक्षिणेला हेलवानची आणि उत्तरेला अल-मर्गची अशा दोन जुन्या उपनगरी लाईनी होत्या, मध्ये शहराचं पोट, तिथे साडेचारेक किलोमीटरचा बोगदा घातला आणि दोन टोकं जोडली, १९८९ पर्यंत आरपार गाडी धावू लागली. सगळी मिळून चव्वेचाळीस किलोमीटरच्या आसपास, त्यातलं जमिनीखालचं हे एवढंसंच. दुसरी लाईन १९९६ ची, ती नाईलच्या खालून जाते. तिसरीचा पहिला टप्पा २०१२ चा.

स्टेशनांची नावं म्हणजे इतिहासाचं पुस्तक, नासर, सादात, नगीब, सगळे राष्ट्राध्यक्ष रांगेत. मुबारक पण होता, २०११ च्या क्रांतीनंतर त्याचं झालं 'अल-शुहदा', हुतात्मे. सादात स्टेशन तहरीर चौकाच्या बरोबर खाली आहे, दोन लाईनी तिथे मिळतात, ते २०१३ च्या ऑगस्टपासून २०१५ च्या जूनपर्यंत बंद होतं, गाडी न थांबता तिथून जायची आणि अंधुक दिव्यात रिकामा फलाट खिडकीतून सरकत जायचा. रोज बघून पण सवय झाली नाही. मधले डबे बायकांचे, तिथे मी निम्मी अरबी शिकले, पिन विकणाऱ्या बायकांकडून.

आता प्रश्न असा की बोगदा एवढासाच तर नाव बोगद्यांचं का? माझं उत्तर, कारण वरचा मेट्रो आधीच होता! हेलिओपोलिस नावाचं उपनगर आहे, अरबीत मस्र अल-जदीदा, तिथली जलद ट्राम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 'मेत्रो' म्हणूनच ओळखली जायची. लोक तिला 'मेत्रो मस्र अल-जदीदा' म्हणत. मग खालून नवीन आला त्याला काहीतरी वेगळं नको म्हणायला? वरचा मेत्रो आणि बोगद्यांचा मेत्रो. आता वरच्याचे रूळ उखडले आणि खालच्याचं लांब नाव तेवढं उरलं.

आणि तो शब्द तिथे नेला कोणी, तर बेल्जियमचा बॅरन एम्पाँ. पॅरिसची मेट्रो चालवणारी कंपनी याच माणसाच्या गटातली, कैरोच्या पहिल्या ट्रामही १८९६ मध्ये याच्याच, आणि १९०५ ला वाळवंटाचा मोठा तुकडा घेऊन हेलिओपोलिस वसवायला घेतलं तेही यानेच. म्हणजे पॅरिसचा शब्द ज्याच्या खिशात होता त्यानेच तो नाईलच्या काठी उतरवला.

(अवांतर: त्याने तिथे स्वतःसाठी जो वाडा बांधला तो हिंदू देवळासारखा आहे! अंगकोर आणि ओरिसाची देवळं डोळ्यांसमोर ठेवून, आणि सगळा काँक्रीटचा. मूर्ती, हत्ती, नाग, सगळं काही. पहिल्यांदा टॅक्सीतून दिसला तेव्हा मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली, त्याला वाटलं माझं काहीतरी पडलं.)

प्राजक्ता_न
नाईलकाठीताई, फोटो??

नाईलकाठी
पडझड झालेला असतानाचे आहेत, वटवाघळं होती तेव्हा. डागडुजी करून २०२० ला लोकांसाठी उघडला, ते फोटो नाहीत. स्वतंत्र धागा काढते.

सिग्नलमन
बोगदा एवढासा आणि नाव बोगद्याचं हे लंडनलाही लागू. चारशे किलोमीटरच्या जाळ्यात जमिनीखालचा भाग पंचेचाळीस टक्के. निम्म्याहून जास्त अंडरग्राउंड उन्हात असते. आणि १८६३ ची लाईन तर बोगदा खणून केलेलीच नाही, रस्ता उकरायचा, खड्ड्यात रूळ टाकायचे, वर विटांची कमान करायची आणि परत रस्ता घालायचा. खरा खोल बोगदा १८९० चा, तोही विजेच्या गाडीसाठी. त्या गाडीच्या डब्यांना धड खिडक्याच नव्हत्या, लोकांनी नाव ठेवलं 'गाद्या लावलेल्या कोठड्या'. या हिशोबाने 'अन्फाक' पण चूक आणि 'तहत अल-अर्द' पण अर्धवटच.

तिरकस
म्हणजे इंग्रजी चूक, अरबी चूक, मशीन चूक आणि साहेब बरोबर. छान.

बाय द वे, दुबईचं काय? तिथे मेट्रो बहुतेक ठिकाणी खांबांवरून जाते, 'अन्फाक' म्हणाल तर गिऱ्हाईक खाली जिना शोधत बसेल.

प्रूफवाली
@तिरकस, बरोबर, इथे नुसतं 'मेत्रो दुबई'. ०९-०९-०९ ला रात्री ९ वाजून ९ मिनिटं ९ सेकंदांनी सुरू केलेली, ड्रायव्हर नाही. मी नवीन आले तेव्हा गाडीत आवाज यायचा 'अल-महत्ता अल-कादिमा' आणि मी दरवेळी म्हणायचे अरे वा, हे कदीम स्टेशन दिसतंय, जुनं. बारा स्टेशनं झाली तरी सगळीच जुनी! मग कोणीतरी सांगितलं की कादिमा म्हणजे पुढचं, येणारं. जुनं ते कदीमा. आ कुठे ओढायचा एवढाच फरक.

उंटावरचा_शहाणा
येणारं आणि जुनं यात एका मात्रेचं अंतर, वा.

सौदी गृहस्थांची बाजू कोणी घेत नाहीये म्हणून मीच घेतो. त्यांनी कितार केलं ते सवयीने. तिकडे मक्केजवळ हजच्या यात्रेकरूंसाठी २०१० पासून जी गाडी आहे ती 'कितार अल-मशाइर', आणि रियाधची जी १ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, सहा लाईनी, १७६ किलोमीटर, ती अधिकृत अरबीत 'कितार अर-रियाध', इंग्रजीत मात्र मेट्रो. तेव्हा कैरोत अन्फाक, दुबईत मेत्रो, रियाधला कितार. मुलांची पुस्तिका नक्की कुठे विकणार आहात त्यावर आहे सगळं.

भाषाशुद्धी_मंडळ
मुळात परकी शब्द घ्यायचाच कशाला? कैरोत १९३२ पासून भाषेची अकादमी आहे, त्यांनी टेलिफोनला 'हातिफ' दिला, म्हणजे न दिसणारा आवाज देणारा, किती सुंदर. रेडिओला 'मिझ्या'. गाडीला कितार आहेच. आणि रेल्वेला तर अकादमीच्याही आधीपासून, एकोणिसाव्या शतकातलं 'सिक्का हदीद' आहे, लोखंडी वाट, आपल्या लोहमार्गासारखं.

तिरकस
@भाषाशुद्धी_मंडळ, आणि अरब माणूस फोन आला की काय म्हणतो? तिलिफोन.

याच अकादमीच्या नावावर सँडविचचा विनोद खपवलाय ना, 'शातिर व मशतूर व बैनहुमा ताझिज', कापणारा, कापलेला आणि दोघांच्या मध्ये ताजं. अकादमीने असलं काही केलेलंच नव्हतं, लोकांनी रचलं. आपल्या अग्निरथगमनागमनसूचक लोहपट्टिकेसारखं, सिग्नलला असं कोणीही कधी म्हटलं नाही पण सगळ्यांना पाठ.

सिग्नलमन
नोकरीत पस्तीस वर्षं लोकांनी हा विनोद मला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा सांगितलाय.

मोडीवाचक
प्रूफवाली, साहेबांचा 'अंडरग्राउंड' मात्र नको. तो 'ग'चा झगडा संपणारा नाही, इजिप्तमध्ये ग ला जीम लिहितात कारण ते जीमचा उच्चारच ग करतात, बैरुतवाले ग़ैन लिहितात, आणि आखातात काही जण काफ लिहितात कारण त्यांच्या बोलीत काफचा ग होतो. तीन देशांतली मुलं तीन प्रकारे वाचतील. त्यापेक्षा मेत्रो, त्यात भांडायला अक्षरच नाही.

आणि १८६३ च्या पानावर तो बिनदिक्कत वापरा असं माझं मत. पेशव्यांच्या हातात मोबाईल नाही, ती मेट्रोची आजी आहे, तिला नातीच्या नावाने हाक मारली एवढंच.

नाईलकाठी
सहमत, पण पहिल्या पानावर नको. मुलांना आधी गाडी दाखवा, मग नाव. 'जमिनीखालची लोखंडी वाट' असं वर्णन करा, कारण तेव्हा लोकही वर्णनच करत होते. कबर वगैरे आठवते ती नुसतं 'तहत अल-अर्द' एकटं ठेवलं तर, मागे सिक्का हदीद जोडलं की आठवत नाही.

चहाबाज
गुरुवार उलटून गेला. काय झालं पुस्तिकेचं?

प्रूफवाली
आलेय सांगायला. मुखपृष्ठावर 'मेत्रो अन्फाक लंडन'. कैरोवाला खूष. सौदी गृहस्थांना गाडीसाठी आत सगळीकडे कितार दिलं, म्हणजे मेत्रोवरून कितार धावतात, त्यावर ते काहीच बोलले नाहीत म्हणजे मान्य असावं. १८६३ च्या पानावर नाईलकाठीताईंचं, 'सिक्कत हदीद तहत अल-अर्द'. आणि पॅरिसच्या पानावर एक चौकट घालून मेट्रोपॉलिटनची गोष्ट. मुत्रानची पण घालायची होती, बैरुतची सहकारी ऐकून पाच मिनिटं गप्पच बसली आणि मग तिने आईला फोन लावला. पण जागा नव्हती.

मात्र गंमत वेगळीच झाली. अरबी उजवीकडून डावीकडे म्हणून डिझायनरने सगळी पानं आरशासारखी उलटवली, चित्रांसकट. त्यात ते जुनं वाफेचं इंजिन आहे, मेट्रोपॉलिटनचं २३ नंबरचं, १८६६ चं, लंडनच्या संग्रहालयात अजून आहे ते. चार जणांनी प्रूफ पाहिलं, एकेका शब्दाची हमरीतुमरी केली, आणि इंजिनावरचा २३ उलटा आहे हे कोणालाच दिसलं नाही. छापखान्यातल्या माणसाने फोन करून विचारलं.

उंटावरचा_शहाणा
सांगायचं ना, हे आकडे तुमच्याच गावचे. अरबीत त्यांना 'हिंदी आकडे'च म्हणतात.

प्रूफवाली
सांगून पाहिलं. तो केरळचा निघाला.